हजेरीपटातल्या गोदूताई

शाळेत नोकरीला असताना दर जूनमध्ये नव्या वर्गाचा हजेरीपट तयार करावा लागे, आणि पत्त्याच्या रकान्यात ‘गोदूताई विडी घरकुल, कुंभारी’ हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने गेले की ही वसाहत लागते. विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेने उभारलेल्या येथील दहा हजार घरांचे हस्तांतरण 2006 साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. ज्यांच्या नावाने ही वसाहत ओळखली जाते, त्या गोदावरी परुळेकर कोण होत्या, हे मात्र मी निवृत्तीनंतर वाचले, आणि इतकी वर्षे वर्गात त्यांच्याविषयी एक शब्दही बोलले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

गोदावरीबाईंचा जन्म 1907 सालचा, पुण्यातल्या सुखवस्तू गोखले घराण्यातला. वडील नामांकित वकील होते आणि गोदावरीबाईंनी स्वतःही कायद्याची पदवी घेतली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगल्यानंतर त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या आणि मुंबईत घरकामगारांना संघटित करू लागल्या. शामराव परुळेकरांशी विवाह झाल्यावर दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले.

त्यांच्या आयुष्याचा गाभा मला 1945 सालात दिसतो. ठाणे जिल्ह्यातील डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत तेव्हा वारली आदिवासी जमीनदारांकडे वेठीवर राबत असत. लग्नासाठी थोडे पैसे उसने घेतले की नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरचे बांधील होत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, तेथे काही वारली आले आणि त्यांनी आपली हकिगत सांगितली. त्यानंतर गोदावरीबाई त्या भागात पायी हिंडल्या, झोपड्यांत राहिल्या, त्यांची भाकरी खाल्ली. 23 मे 1945 रोजी तलासरीजवळच्या झरी गावी सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि वेठ करणार नाही असा निर्धार त्यांनी केला. पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून राहिलेल्या माणसांच्या तोंडून ‘नाही’ हा शब्द निघणे, ही त्या सभेची खरी थोरवी आहे असे मी मानते.

पुढचा लढा गवत कापणीच्या मजुरीचा होता. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, अशी मागणी करून वारल्यांनी काम थांबवले. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे, खोट्या निरोपांमुळे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच आदिवासी मारले गेले. तरीही संप मोडला नाही.

या साऱ्याची कहाणी गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि त्याला 1972 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. स्थानबद्धतेत असतानाच 1965 मध्ये शामराव गेले. त्यानंतरही गोदावरीबाईंनी काम सोडले नाही. 1986 साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. 1996 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले.

विडी वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीला हे नाव किती शोभते, हे मला एका दुपारी समजले. एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. तिची आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली होती. पाने घरी आणून भिजवायची, कातरायची, विडी वळून दोऱ्याने बांधायची आणि मग कारखान्यात नेऊन द्यायची. तेथे मोजणारा विड्या पाहतो, मनास येईल तेवढ्या छाट म्हणून बाजूला काढतो, आणि उरलेल्या विड्यांची हजारामागे ठरलेली मजुरी हाती पडते. तिला मी झरीची सभा सांगितली, पाचशे पौंडांची मागणीही सांगितली. तिने सगळे मन लावून ऐकले, पण हात थांबवले नाहीत. मग दोरा दातांनी तोडून तिने विचारले, “बाई, पण वजन कोण करायचं?”