बेबेल जिल्बेर्तो: घराण्याचं नाव आणि हलक्या आवाजाचं गणित

ब्राझिलियन गायिका बेबेल जिल्बेर्तोची ओळख करून देताना बहुतेक जण तिच्या नातेवाइकांची यादी वाचतात. यादी आहेही तशीच. वडील जुआंव जिल्बेर्तो, ज्यांच्या 1958 सालच्या ‘शेगा दे सौदादे’पासून बोसा नोव्हाची, म्हणजे सांब्यातून निघालेल्या हलक्या आवाजाच्या ब्राझिलियन शैलीची, सुरुवात धरली जाते. आई मिऊशा, जिने 1977 मध्ये संगीतकार टॉम जोबीमबरोबर अख्खा अल्बम केला. सख्खा मामा गायक-गीतकार शिको बुआर्की. एक मावशी क्रिस्तिना, सांबा गाणारी. दुसरी मावशी आना, गायिका आणि 2011-12 मध्ये ब्राझीलची संस्कृतिमंत्रीही. आईचे वडील सेर्जिओ बुआर्की दे ओलांदा म्हणजे ब्राझीलच्या इतिहासलेखनातलं मोठं नाव. एवढं सांगून झालं की बाईंच्या स्वतःच्या कामाला दोनच ओळी उरतात.

या यादीत एक आकडा मात्र कोणी घालत नाही. पहिली छोटी रेकॉर्ड आली 1986 मध्ये आणि पहिला पूर्ण अल्बम 2000 मध्ये. मध्ये 14 वर्षं. तिची कारकीर्द समजून घ्यायची तर ही 14 वर्षं आधी बघावीत.

जन्म न्यूयॉर्कचा, 12 मे 1966. थोडं लहानपण मेक्सिकोत गेलं, मग ब्राझील. वयाच्या नवव्या वर्षी ती आई आणि सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्याबरोबर कार्नेगी हॉलमध्ये गायली. 1977 मध्ये मामाच्या ‘ऊस सालतिंबांकूस’ या मुलांच्या संगीतिकेत तिचा आवाज आहे. 1980 मध्ये वडिलांनी टीव्हीसाठी कार्यक्रम केला, त्यात चौदा वर्षांची बेबेल त्यांच्याबरोबर ‘शेगा दे सौदादे’ गाते. त्याची रेकॉर्ड मिळते आणि ती ऐकावीच. मुलगी सुरात आहे यात विशेष काही नाही, त्या घरात सगळेच सुरात असणार. लक्ष द्यायचं ते आवाजाच्या मापाकडे. समोर एवढा मोठा माणूस बसलेला असताना ती आवाज वाढवत नाही, शब्द ताणत नाही, बोलल्यासारखं गाते. वारसा म्हणून तिला जे मिळालं ते हेच. गाणी तर कोणीही शिकू शकतं.

1986 च्या रेकॉर्डमधलं सगळ्यात टिकलेलं गाणं ‘प्रेसीझू दिझेर के ते आमू’. ते तिने काझूझा आणि दे यांच्याबरोबर लिहिलं. दोघेही बाराँव व्हेर्मेल्यू या रॉक बँडमधले. काझूझाने 1985 मध्ये बँड सोडला होता, दे तिथला बासवादक. पुढच्याच वर्षी गायिका मरीना लिमाने तेच गाणं गायलं. याच तिघांचं ‘माइस फेलीझ’ 1998 मध्ये आद्रियाना काल्कान्योत्तोच्या अल्बममध्ये आलं, बेबेलच्या स्वतःच्या अल्बममध्ये यायच्या दोन वर्षं आधी. म्हणजे गीतकार म्हणून ती ब्राझीलमध्ये दुसऱ्यांच्या आवाजात पोचली होती. तिच्याकडे गायिका म्हणून बघायला मात्र तिथे जागा नव्हती. 1985 च्या पहिल्या ‘रॉक इन रिओ’नंतरचा तो काळ, रेडिओवर ड्रम, सिंथेसायझर आणि भरपूर आवाज. त्यात कुजबुजल्यासारखं गाणारी मुलगी म्हणजे पंचवीस वर्षं जुनी गोष्ट वाटणार. काझूझा 1990 मध्ये गेला, आणि 1991 मध्ये बेबेल न्यूयॉर्कला राहायला गेली.

तिथली नऊ वर्षं पाहुण्या आवाजाची. जपानी डीजे तोवा तेईच्या रेकॉर्डवर ती गायली, वॉशिंग्टनच्या थीव्हरी कॉर्पोरेशनबरोबर गायली. 1996 मध्ये एड्सच्या मदतीसाठी निघालेल्या ‘रेड हॉट अँड रिओ’ संकलनात काझूझाबरोबर लिहिलेलं तिचं गाणं होतं. वरवर बघता ही फुटकळ कामं. पण यातूनच तिला एक गोष्ट कळत गेली असणार: यंत्राच्या तालावर आपला आवाज कसा बसतो आणि कुठे बसत नाही.

ही अडचण जरा उलगडून सांगायला हवी, कारण ‘बोसा नोव्हा आणि इलेक्ट्रॉनिक्स’ असं लेबल लावून शेकडो अल्बम निघाले आणि त्यातले बहुतेक ऐकवत नाहीत.

आधी जुआंवची गिटार. दोन आवर्तनं मिळून 16 घरं मोजा, आपल्या तीनतालाइतकीच. उजव्या हाताचा अंगठा 1, 5, 9, 13 वर खर्जाची तार वाजवतो, सरळ, न चुकता. हे सांब्यातल्या सुर्दू नावाच्या मोठ्या ढोलाचं काम. बाकीची तीन बोटं कॉर्डचे सूर एकदम खेचतात; शिकवताना सांगतात ती ढोबळ जागा 1, 4, 7, 11, 14. टाळ्या वाजवून बघा. पहिल्या तीन टाळ्यांमध्ये तीन-तीन घरांचं अंतर, मग चार, मग परत तीन, आणि 14 पासून पुढच्या 1 पर्यंत तीन. त्या एका चाराच्या उडीमुळे सगळा ठेका तिरका होतो. जुआंव स्वतः ही एकच मांडणी धरून बसत नाही. शब्दांच्या मागेपुढे जागा हलवत राहतो. गाणंही गिटारीवर बसवलेलं नसतं. ओळ कधी अर्धं घर उशिरा सुरू होते, कधी आधीच संपते. अंगठा मात्र हलत नाही. तो हलला तर कोण उशिरा आहे हेच कळणार नाही.

आता यावर ड्रम मशीन चढवा. पहिली गडबड खालच्या पट्टीत होते. गिटारीची सगळ्यात खालची मोकळी तार सुमारे 82 हर्ट्झची आणि मशीनचा ‘किक’, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, साधारण 50 ते 100 हर्ट्झमध्ये घुमतो. दोघं एकाच घरात वाजले की अंगठा बुडतो आणि वर फक्त बोटांची किणकिण उरते. दुसरी गडबड त्याहून वाईट. सॉफ्टवेअर प्रत्येक ठोका जवळच्या घरात नेऊन बसवतं. सांबा वाजवणारे चार घरांच्या गटातलं तिसरं आणि चौथं घर किंचित आधी वाजवतात; फरक काही मिलिसेकंदांचा, पण चाल त्यातच आहे. तो फरक पुसला की हॉटेलच्या लिफ्टमधलं संगीत तयार होतं. तिसरी गडबड आवाजाची. असा आवाज माइकच्या चार-पाच बोटं जवळ घ्यावा लागतो. तितक्या जवळून माइक खर्ज फुगवतो, ‘प’ आणि ‘ब’चे फटके येतात, श्वास ऐकू येतो. श्वास कापला तर गाणं मेल्यासारखं होतं, आणि ठेवला तर तो ऐकू येईल इतकी जागा बाकीच्या वाद्यांनी सोडावी लागते.

‘तान्तो तेम्पो’ या 2000 सालच्या अल्बममध्ये हे सगळं जमलं. त्याचं बरंच श्रेय निर्माता सुबाचं. मितार सुबोतिच हे पूर्ण नाव, युगोस्लाव्हियातल्या नोव्ही सादचा माणूस, साओ पावलोत स्थायिक झालेला. त्याच्या मांडणीत यंत्र ठोक्यापेक्षा पोत म्हणून जास्त येतं: खरखर, लांबून येणारे सूर, तुटक तालाचे तुकडे. गिटारीचा अंगठा आहे तिथे किक जपून, किक आहे तिथे गिटार पातळ. बेबेलचा आवाज वडिलांपेक्षा भरीव आणि धुरकट. तो सगळ्यात पुढे. हेडफोन लावून ‘सांबा दा बेन्साँव’ ऐका. बाडेन पॉवेल आणि व्हिनिसिउस दे मोराएस यांचं हे जुनं गाणं, पण इथे तालवाद्यं भोवताली फिरत राहतात आणि आवाज जागचा हलत नाही. नोव्हेंबर 1999 मध्ये साओ पावलोतल्या घराला लागलेल्या आगीत सुबा गेला. अल्बम बाजारात आलेला त्याने पाहिला नाही.

अल्बम काढला ब्रसेल्सच्या क्रॅम्ड डिस्क्सने, त्यांच्या झिरिगिबूम या ब्राझिलियन शाखेतून. खप दहा लाखांच्या पुढे गेला. गाण्यांची निवडही बघण्यासारखी आहे. मामाचं ‘सांबा ई आमोर’ आहे, जुआंव दोनातू आणि जिल्बेर्तू जिल यांचं ‘बनानेइरा’ आहे, स्वतःची गाणी आहेत. वडिलांच्या नावाशी जोडलेली, सगळ्यांना पाठ असलेली गाणी मुद्दाम टाळल्यासारखी दिसतात. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात शहाणा निर्णय. पुढच्या वर्षी रीमिक्सचा वेगळा अल्बम आला. तो नाचायला ठीक आहे, पण वर सांगितलेली किकची गडबड त्यात जागोजागी सापडते.

पुढचे अल्बम भराभर सांगतो. 2004 चा ‘बेबेल जिल्बेर्तो’ निर्माता मारियस दे व्ह्रीसबरोबर केलेला. तंतुवाद्यं जास्त, इंग्रजी गाणी जास्त, आणि गीतकार म्हणून ती इथे सगळ्यात मोकळी. 2007 चा ‘मोमेंतो’ गाय सिग्सवर्थबरोबर. गोड, पण एकसुरी. 2009 चा ‘ऑल इन वन’ व्हर्व्ह कंपनीचा, त्यात बॉब मार्ली आणि स्टीव्ही वंडरचीही गाणी. इथे पहिल्यांदा तिने वडिलांनी लिहिलेलं ‘बीं बों’ घेतलं, तेही टॉम जोबीमचा नातू दानियेल याला बरोबर घेऊन. 2014 चा ‘तुदो’ मारिओ काल्दातोबरोबर.

स्टेजवर तिला ऐकणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते, की रेकॉर्डवरची जवळीक सभागृहात राहत नाही. यात गायिकेचा दोष कमी आहे. आवाज जितका हलका तितका माइक उघडा ठेवावा लागतो, आणि उघड्या माइकमध्ये मागचा ड्रम, समोरचे स्पीकर सगळंच शिरतं; थोडं आणखी वाढवलं की शिट्टी. त्यामुळे ड्रम पूर्ण वाजला की तिला आवाज चढवावा लागतो, आणि चढवला की तो तिचा राहत नाही. दोन-तीन वाद्यांच्या मैफलीत ती कितीतरी जास्त खुलते.

मिऊशा डिसेंबर 2018 मध्ये गेली, जुआंव 6 जुलै 2019 ला. ‘आगोरा’ हा अल्बम 2020 मध्ये आला. निर्माता थॉमस बार्टलेट, पियानो आणि कीबोर्डवाला माणूस. इथे गिटारचा ठेका जवळजवळ बाजूलाच ठेवला आहे, त्यामुळे 16 घरांचा प्रश्नच उरत नाही आणि आवाज सुट्टा ऐकू येतो. ‘ऊ के नाँव फोय दितू’ हे गाणं वडिलांना उद्देशून आहे. ‘ना कारा’मध्ये मार्तनालिया आहे, ती सांबा गायक मार्तिन्यू दा व्हिलाची मुलगी, म्हणजे दोन मोठ्या बापांच्या लेकी एका गाण्यात. या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. त्याच यादीत आपली अनुष्का शंकर होती; बक्षीस नायजेरियाच्या बर्ना बॉयने नेलं.

आणि मग 2023 मध्ये ‘जुआंव’. आयुष्यभर जो भाग ती वळसा घालून टाळत आली, तोच पूर्ण अल्बमभर. तरी निवड सरधोपट नाही. ‘देझाफिनादू’ आणि ‘ऊ पातू’ आहेत, पण ‘गर्ल फ्रॉम इपनिमा’ नाही, आणि बराच भर वडिलांच्या 1973 च्या अल्बमवर आहे. तो अल्बम म्हणजे एक गिटार, एक आवाज आणि थोडंसं तालवाद्य, जवळजवळ इतकंच. त्यातल्या ‘व्हाल्सा’ या गाण्याच्या नावाला कंसात ‘बेबेल’ जोडलेलं आहे. ती लहान असताना तिच्यासाठी केलेलं गाणं. दोन्ही ‘व्हाल्सा’, वडिलांचं आणि तिचं, एकामागोमाग लावा, मग तसंच ‘उंदियू’ हे गाणं. अंगठा कुठे पडतो तेवढंच आधी धरा, शब्दांकडे नंतर बघा.