निखाऱ्यांना धूर नव्हता

आमचा फार्म खंडवा रोडवर, सिमरोलच्या पुढे, चोरलच्या बाजूला. शनिवारी इंदूरची कुटुंबं तंबूत मुक्कामाला येतात. मुलं हरभऱ्याच्या शेतात हुंदडतात, रात्री दाल-बाफले (कणकेचे भाजलेले गोळे, डाळीसोबत), पहाटे गारठा, मग पोहे-जलेबी.

तंबूंबद्दल मात्र नीट सांगायला हवं. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, साध्या खुंट्या तिच्यात टिकत नाहीत. म्हणून आम्ही दगडी ओटे बांधून दोन-दोन फुटी सळया ठोकल्या. कॅनव्हास जाड, सुती. दवाने तो भिजला की धागा फुगतो, वीण आवळते. पाणी अडतं, पण हवाही अडते. त्यासाठी छताजवळ जाळीचे झरोके ठेवलेत. ते बंद करू नका, हे प्रत्येक पाहुण्याला मी स्वतः सांगतो. डिसेंबरात ऐकतं कोण!

त्या शनिवारी रामबागेतलं एक मराठी कुटुंब आलं होतं. आजी, मुलगा-सून, दोन नातवंडं, आणि शेजारच्या तंबूत मुलांचे मामा. गोवऱ्यांवर बाफले भाजून झाल्यावर शेगडीत लालबुंद निखारे उरले होते.

"अहो दादा, एवढी शेगडी आत ठेवून द्या ना. पोरं गारठतील."

"आजी, आत नाही देता येणार. रजया देतो, गरम पाण्याच्या पिशव्या देतो."

दिल्याही. आम्ही झोपायला गेल्यावर आजींच्या मुलाने शेगडी उचलून आत नेली आणि झरोक्यांच्या झडपा लावून घेतल्या. आईच्या काळजीपोटीच केलं, वाईट हेतू कसला? धूर नव्हता, म्हणजे धोका नाही, असाच हिशोब सगळे करतात. खरं तर धूर असता तर खोकून जागे तरी झाले असते.

अडीचच्या सुमारास मामा दार ठोठावत आले. सून उलट्या करत बाहेर आली होती, आजींचं डोकं फुटत होतं, धाकटी हाका मारूनही डोळे उघडत नव्हती. मामा म्हणाले, बाफल्यांतून विषबाधा झाली. पण थोरला नातू, ज्याने सगळ्यांत जास्त बाफले तुपात बुडवून खाल्ले होते, तो मामांच्या तंबूत गाढ झोपलेला, ठणठणीत! मी तंबूचा पडदा वर केला. पलंगाच्या पायथ्याशी शेगडी, निखारे अजून तांबडे. सगळ्यांना उघड्यावर आणलं, झडपा फाडल्यासारख्या ओढल्या आणि जीप काढली.

दवाखान्यात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी बोटाला क्लिप लावली. ९८. "ऑक्सिजन उत्तम आहे, पोट बिघडलंय," म्हणून उलटीचं इंजेक्शन लिहायला घेतलं. मला हेच अजून छळतं. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि साध्या क्लिपला या दोन्हींतला फरक कळत नाही. माणूस गुदमरत असतो आणि आकडा छान दिसतो. थंडीत बंद खोलीतल्या अंगीठीने अख्खी घरं गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, तरी तंबूतून आलेल्या चार जणांना शेगडीबद्दल एक प्रश्न विचारू नये? मी शेगडीचं तीन-तीनदा सांगितलं, तेव्हा वरिष्ठ डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ऐकताक्षणी चौघांना ऑक्सिजनचे मास्क लावले आणि वेगळी रक्ततपासणी पाठवली. साध्या हवेत हा वायू निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. उजाडता उजाडता धाकटीने दूध मागितलं.

सूनबाई उलटीला बाहेर आल्या म्हणून कळलं. त्यांना गाढ झोप लागली असती तर?

आता शेगड्या रात्री मी स्वतः पाणी ओतून विझवतो आणि कुलपात ठेवतो. परवा एका पार्टीने फोनवर तंबूत शेगडी मागितली, मी कारण सांगितलं, त्यांनी बुकिंग रद्द केलं. मालक म्हणाले, एवढं कशाला सांगायचं, पाहुणे घाबरतात. घाबरू देत. हा वायू ओळखणारे अलार्म दोन तंबूंत बसलेत, बाकीच्यांसाठी मी रोज मालकांच्या मागे लागलोय.