खानदेशात चवीचा टोमॅटो कधी पिकतो

घरच्या टोमॅटोविषयी बोलणे निघाले की बहुतेक मंडळी खतापासून सुरुवात करतात. कोणी केळीच्या सालींचे पाणी घालायला सांगतो, कोणी चुलीतली राख, कोणी अंड्यांची टरफले. माझ्या मते आपल्या भागात हा क्रम उलटा करायला हवा. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत टोमॅटोची चव सर्वांत आधी ठरते ती फळ कोणत्या महिन्यात पिकते यावरून. वाणाचा विचार त्यानंतर येतो, पाण्याचा त्यानंतर आणि खताचा अगदी शेवटी. एप्रिलच्या उन्हात पिकलेल्या फळाला कोणतेही खत गोडी आणू शकत नाही, आणि फेब्रुवारीत पिकणाऱ्या फळाला खताची फारशी गरज भासत नाही.

टोमॅटोची चव म्हणजे नेमके काय, हे समजले की हंगामाचे महत्त्व आपोआप पटते. गोडी येते ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरांमुळे, आंबटपणा येतो मुख्यतः सायट्रिक आम्लामुळे, आणि रश्श्याला जो भरीवपणा येतो तो ग्लुटामिक आम्लामुळे. ते बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात सर्वाधिक असते. त्यामुळे बिया काढून टोमॅटो वापरावा, असे जे पाककृतींमध्ये सांगितले जाते, ते शेवभाजीच्या बाबतीत तरी मी मुळीच मानत नाही. या तिन्हींच्या जोडीला सुगंध असतो, आणि तो हवेत उडून जाणाऱ्या अनेक द्रव्यांचा मिळून बनतो. त्यांतील काही द्रव्ये फळाला लाल रंग देणाऱ्या रंगद्रव्यांच्या विघटनातून तयार होतात, म्हणून ज्या फळाचा रंग नीट भरत नाही त्याचा सुगंधही बहुधा अपुराच राहतो.

आता हा रंग तापमानावर अवलंबून असतो. लायकोपीन हे लाल रंगद्रव्य साधारण १८ ते २६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान चांगले तयार होते आणि तापमान ३० ते ३२ अंशांच्या वर सतत राहिले की त्याची निर्मिती मंदावते. नारिंगी-पिवळे कॅरोटीन मात्र तयार होत राहते, म्हणून उन्हाळ्यातले फळ पिकूनही केशरटच दिसते. फळधारणेचेही तसेच आहे. रात्रीचे तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असेल तर फुले टिकतात. दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ अंशांच्या वर जाऊ लागल्या की पराग निकामी होतो आणि फुले देठापासून गळून पडतात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत पोहोचतो हे इथे कोणाला सांगायला नको, आणि ऑक्टोबर हीटही आपल्याकडे सौम्य नसते. दुसऱ्या टोकाला जानेवारीच्या लाटेत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा फळे आठवडाभर आहेत तशीच राहतात. या सगळ्यातून जो काळ उरतो, तो मकर संक्रांतीपासून होळीच्या आसपासपर्यंतचा: स्वच्छ ऊन, कोरडी हवा, गार रात्री. दिवसा पाने साखर तयार करतात, आणि गार रात्री झाडाचा श्वसनावरचा खर्च कमी होत असल्याने त्यातला मोठा वाटा फळाकडे जाऊ शकतो.

म्हणून मी हिशेब उलटा मांडतो. पहिली फळे जानेवारीच्या मध्यावर पिकायला हवी असतील तर फुले नोव्हेंबरच्या मध्यापासून दिसायला हवीत, त्यासाठी रोपे ऑक्टोबरच्या मध्यावर जागेवर लागायला हवीत, आणि रोप चार-पाच आठवड्यांचे लावायचे असल्याने बी सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे साधारण गणपती-पितृपक्षाच्या सुमारास पेरायला हवे. पावसाळ्याच्या सुरुवातीला जूनमध्ये बी टाकले तरी झाडे येतात आणि फळेही लागतात, पण ती ढगाळ हवेत वाढलेली व पाण्याने फुगलेली असतात. भाजीत चालतात, मीठ लावून कच्ची खाण्यासारखी नसतात.

सप्टेंबरच्या पेरणीत एक अडचण मात्र खास आपल्या भागातली आहे. त्या दिवसांत चहूकडे कपाशी उभी असते आणि कपाशीवर पांढरी माशी असते. हीच माशी टोमॅटोची पाने मुरडून झाड खुजे करणारा विषाणू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. रोप लहानपणीच लागण झालेले असेल तर त्याला पुढे काहीही उपाय चालत नाही. ते उपटून टाकणे एवढेच हाती राहते. यासाठी बी पेरल्या दिवसापासून ट्रेवर जुनी, बारीक जाळीची मच्छरदाणी कमानीसारखी ताणून ठेवावी, तिच्या कडा मातीने दाबाव्यात आणि लावणीच्या आधी आठवडाभर रोपांना हळूहळू उघड्या उन्हाची सवय करावी. लावणीनंतर वाफ्यात एक-दोन पिवळे चिकट सापळे टांगले की माशी आली की नाही हे वेळीच कळते.

वाणाची निवड हा खरा रसाळ विषय आहे. बाजारातला टोमॅटो बेचव लागतो याचा दोष शेतकऱ्याला देणे मला अन्यायाचे वाटते. पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजारातून क्रेटमध्ये भरून शेकडो किलोमीटर जाणाऱ्या फळाची साल जाड आणि गर घट्ट असावाच लागतो, आणि पैदासकारांनी अनेक दशके त्याच गुणांची निवड केली. पूर्वीच्या वाणांमध्ये कच्च्या फळाचा देठाकडचा भाग गडद हिरवा असे. फळ एकसारखे लाल दिसावे म्हणून ते हिरवे खांदे नसलेली झाडे निवडण्यात आली. २०१२ साली संशोधकांनी दाखवून दिले की या निवडीमुळे ज्या जनुकाचे काम बंद पडले, तेच जनुक कच्च्या फळात हरितद्रव्याचे कण वाढवून साखर तयार करण्यास मदत करत होते. पुढे २०१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातील हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९८ वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही आधुनिक वाणांमध्ये सुगंधी द्रव्ये घटल्याचे दिसले. घरच्या बागेतून स्वयंपाकघरापर्यंत दहा पावले जाणाऱ्या फळाला जाड सालीची गरजच नाही, तेव्हा आपण उलट दिशेने निवड करावी: कच्चेपणी हिरवे खांदे असलेले, पातळ सालीचे, आत गर आणि बिया भरपूर असलेले फळ.

आपल्या खेड्यांत अजूनही चपटे, कंगोरेदार, आंबटगोड गावठी टमाटे कुठे कुठे उकिरड्याशेजारी किंवा मळ्याच्या बांधावर आपोआप उगवलेले दिसतात. त्यांचे बी मिळाले तर अवश्य धरावे. ते नसेल तर पुसा रूबी हा भारतीय कृषी संशोधन संस्थेचा जुना वाण, किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे वाण घ्यावेत; हे सरळ, म्हणजे संकरित नसलेले वाण असल्याने त्यांचे बी घरी धरता येते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा संकरित वाण पाने मुरडण्याच्या रोगाला चांगला तोंड देतो, परंतु त्याचे फळ घट्ट आहे आणि ते घडवले आहे ते वाहतुकीसाठी. पहिल्यांदाच बाग करणाऱ्याला मी चेरी टोमॅटो लावायला सांगतो. लहान फळात साखरेचे प्रमाण मोठ्या फळापेक्षा निसर्गतःच जास्त असते, ते लवकर पिकते, आणि घरातली मुले ते वाफ्यातच संपवतात, हा वेगळा भाग.

माती आपली काळी. ती भरपूर पाणी धरते, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि तापीकाठच्या अनेक गावांत ती चुनखडीयुक्त व अल्कधर्मी आहे. टोमॅटोला किंचित आम्ल माती अधिक मानवते. म्हणूनच राख आणि अंड्यांच्या टरफलांचा सल्ला कोकणातल्या लाल मातीत कदाचित योग्य ठरेल, आपल्याकडे तो निरर्थक आहे. राखेने मातीचा अल्कधर्म आणखी वाढतो, लोह मिळेनासे होऊन नवी पाने पिवळी पडतात. पालाश (पोटॅश) हवेच असेल तर ते काळ्या मातीत मुळात बऱ्यापैकी असते, आणि कुजलेल्या केळीच्या खांबाचे खत त्यात भर घालते. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलकडे ते मागायची खोटी. चुन्याचेही तेच. फळाच्या टोकाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो कॅल्शियमच्या अभावाने हे खरे, पण आपल्या मातीत कॅल्शियम कमी नसते. ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचते, आणि पाणी कधी खूप, कधी मुळीच नाही असे झाले की पुरवठा तुटतो. त्या डागावर उपाय म्हणजे नियमित पाणी. माती सुधारायची असेल तर वाफ्याची उंची वीतभर वाढवून गादीवाफा करावा आणि त्यात चांगले कुजलेले शेणखत मिसळावे, म्हणजे मुळांना हवा मिळते. मूठभर निंबोळी पेंडही पुरे होते.

लावताना रोप खोल लावावे. खालची पाने काढून खोडाचा बराचसा भाग मातीत गाडला तरी चालतो, कारण टोमॅटोच्या खोडाला मातीत नवी मुळे फुटतात. दोन झाडांत निदान दोन फूट अंतर ठेवावे. आधाराला बांबू असेल तर उत्तम. नसेल तर तुराट्यांची तिकाटी आणि सुतळी पुरते. कुंडीत लावायचे असेल तर १५ ते २० लिटरपेक्षा लहान कुंडी घेऊ नये.

पाण्याच्या बाबतीत आमच्या मामींचे एकच सांगणे असते: "जास्त पानी पाजू नको झाडले." शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. फळ फुगण्याच्या काळात पाणी नियमित हवे, परंतु फळांनी रंग धरायला सुरुवात केली की पाणी थोडे आखडते घ्यावे. त्यामुळे फळ आकाराने किंचित लहान राहते, पण त्यातील साखर आणि आम्ल दाट होते. काळ्या मातीत रोज पाणी देण्याचे कारणच नाही. बोट दोन-तीन इंच खाली घालून पाहावे, वाफसा असेल, म्हणजे माती चिखल नाही पण ओलसर असेल, तर थांबावे. दुपारी पाने जराशी मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ होत असतील तर काळजी नको. सकाळीही मलूल असतील तर मात्र पाणी हवे आहे. ठिबक आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि चार झाडांसाठीही ते लावणे सोपे आहे. त्यावर भुईमुगाच्या टरफलांचे किंवा उसाच्या पाचटाचे जाड आच्छादन टाकले की ओलावा एकसारखा राहतो आणि पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर करप्याची बुरशी खालच्या पानांवर चढत नाही.

नत्र (नायट्रोजन) जास्त झाले तर झाड डोळ्यांना सुख देते, पण जोमाने पानांकडेच धावते. हिरवेगार झुडूप उभे राहते, फुले उशिरा येतात. तरीही पानांविषयी दुसऱ्या टोकाला जाऊ नये. वेलीसारख्या वाढणाऱ्या वाणांच्या बगलफुटी, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघणारे कोंब, सुरुवातीला काढाव्यात, मात्र फळांवरची सावली धरणारी पाने राखावीत, कारण साखर पानातच तयार होते आणि मार्चच्या उन्हात उघड्या फळाला पांढरे चट्टे पडतात. फुलांच्या बाबतीत सकाळी दहाच्या सुमारास घोसाला हलकी टिचकी मारली तरी पराग झडतो. बागेत काळे भुंगे येत असतील तर तेही गुणगुणत हेच काम करतात. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी वाफ्याच्या कडेला झेंडू लावावा, अळ्या हाताने वेचाव्यात आणि गरज पडल्यास ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

तोडणीची घाई आणि विलंब दोन्ही टाळावेत. पूर्ण हिरवे तोडलेले फळ घरात लाल होईल, पण चवीला फिकेच राहील. टोकाला गुलाबी झाक आलेले फळ तोडले तर ते घरात पिकूनही चवीत फारसे उणे ठरत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पावसाचे ढग दिसले की मी अशी फळे आधीच उतरवतो, कारण पाणी अचानक वाढले की पिकत आलेल्या फळांना तडे जातात. फ्रिजमध्ये ठेवू नये. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ अंशांत आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोंचा सुगंध घटल्याचे आणि नंतर बाहेर काढूनही तो पूर्ववत न झाल्याचे आढळले. जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांच्या मधल्या खोलीतला कोनाडा यासाठी फार चांगला; सिमेंटच्या घरात फरशीवर, उन्हापासून दूर, देठ खाली करून टोपलीत ठेवावीत.

मार्च सरता सरता दुपार ३८-३९ अंशांवर गेली की नवी फुले धरत नाहीत. तेव्हा झाडांवर उरलेली हिरवी फळे एकदाच उतरवून शेंगदाणे, हिरवी मिरची आणि लसणाबरोबर त्यांची चटणी करावी. कळण्याच्या भाकरीबरोबर ती पिकलेल्या फळाइतकीच आवडणारी माणसे आमच्या घरात आहेत. चांगल्या झाडाचे एक-दोन पिकलेले फळ बियाण्यासाठी राखून त्याचा गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबू द्यावा, तळाला बसलेले बी धुऊन सावलीत वाळवावे. त्या वाफ्यात पुढची दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा लावू नये, ही सारी एकाच कुळातली पिके आहेत. उन्हाळ्यात तिथे गवार किंवा चवळी उत्तम येते.