शिवसागरातून वासोट्याकडे

कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर लिहिणारे बहुतेक जण बोटीचा प्रवास दोन ओळींत उरकतात आणि लगेच जंगलात शिरतात. किल्ला आहेच तसा. पण या मार्चमध्ये मुलाला घेऊन गेले, तेव्हा मला पाण्यानेच जास्त धरून ठेवलं. म्हणून हे लिखाण शिवसागर जलाशयाबद्दल, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याबद्दल, आणि त्यात बोटीने जायचं म्हणजे नेमकं काय, याबद्दल आहे.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला पोचलो. फुलांच्या दिवसांत इथे गाड्यांच्या रांगा लागतात. आता सडा, म्हणजे ते कातळाचं पठार, करपून तपकिरी झाला होता आणि रस्ता आमचा एकट्यांचाच होता. कास तलाव मागे टाकला की रस्ता उतरू लागतो आणि एका वळणावर खाली कोयनेचं पाणी दिसतं. डोंगरांच्या प्रत्येक खाचेत हाताची बोटं घातल्यासारखं ते आत आत शिरलेलं. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना इथे धरणाच्या फुगवट्यात हरवते. सोळशी आणि कांदाटी या नद्याही याच पाण्याला मिळतात. धरण पार दक्षिणेला, कोयनानगरजवळ आहे. तिथपासून उत्तरेकडच्या तापोळ्यापर्यंत सुमारे 50 किलोमीटर हे पाणी पसरलंय.

बामणोली या काठावरच्या गावात दोन कामं असतात: वनखात्याची परवानगी आणि बोट. परवानगीसाठी सगळ्यांची नावं, ओळखपत्राची प्रत आणि शुल्क. बोट क्लबकडे बोटी क्रमाने सुटतात आणि भाडं माणशी नसून अख्ख्या बोटीचं असतं. आम्ही दोघंच. पण कराडची कॉलेजची पोरं नुकतीच आली होती, त्यांच्या बोटीत जागा होती. "या की काकू, बसा पुढं," म्हणत त्यांनी सामान सरकवलं. असं जुळून येणं इथे नेहमीचं आहे. लवकर पोचलात तर कुणी ना कुणी सोबतीला मिळतंच.

लाइफ जॅकेटं घातल्याशिवाय बोट हलली नाही, याचं मला फार बरं वाटलं. मुलाला जॅकेट मोठं होत होतं. बोटवाल्या काकांनी ते काढायला लावलं आणि फळीखालून लहान काढून दिलं. "ताई, बक्कल तुम्ही स्वतः ओढून बघा. खांदे धरून वर उचला. जाकीट कानापर्यंत सरकलं तर त्याचा उपेग न्हाय." मी उचलून बघितलं. सरकलं नाही. मग त्यांनी कॉलेजच्या पोरांकडे मोर्चा वळवला. ती सगळी बक्कलं मोकळी ठेवून फोटो काढत होती. काकांनी इंजिनला हातच लावला नाही, शेवटचं बक्कल लागेपर्यंत.

मार्चपर्यंत पाणी बरंच उतरलेलं असतं. पावसाळ्याअखेर झाडांच्या बुंध्यांना टेकणारा जलाशय आता खाली गेला होता आणि जंगल नि पाणी यांच्यामध्ये तांबड्या मातीचा उघडा पट्टा पडला होता. उतरलेल्या पाण्याच्या रेघा त्यावर एकाखाली एक उमटलेल्या. कुठे कुठे गाळपेराची, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या पिकाची, हिरवी पट्टी. हे पाणी जातं कुठे, असं मुलाने विचारलं. त्यातलं बरंच सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला जातं, वीजघरांतली जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळून चिपळूणच्या बाजूने समुद्राकडे निघतं. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचं पाणी घाटाखाली कोकणात सोडून वीज करायची, ही कोयनेची मूळ कल्पना. आज प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉट आहे आणि धरणाचा साठा 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट). पण हे आकडे मला खरे कळले ते त्या तांबड्या पट्ट्याकडे बघताना. पाण्याची पातळी हंगामागणिक कित्येक मीटर खालीवर होते आणि इथलं सगळं जगणं त्या पातळीमागे धावतं.

बोट सरळ रेषेत जात नव्हती. मोकळं पाणी दिसत असताना काका मध्येच लांबचा वळसा घेत. कारण विचारलं तर त्यांनी काठावरचा एक फुललेला पांगारा दाखवला. तो पांगारा आणि त्याच्या वरच्या टेपावरचं देऊळ एका रेषेत आलं की डावीकडे वळायचं. खाली जुन्या शेतांचे बांध आहेत, तोडलेल्या झाडांचे खुंट आहेत. पाणी भरलेलं असताना काही वाटत नाही, उतरल्यावर पंखा अडकतो. "आमच्या वडलांनी दावलंय. त्यांनी हितं नांगर धरलावता," ते म्हणाले. 1960च्या दशकात पाणी चढलं तेव्हा खोऱ्यातल्या गावांची माणसं कुठे कुठे पांगली. काही डोंगरउतारावर वर सरकून राहिली. पुढे 1985 मध्ये कोयना अभयारण्य झालं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि वर सरकलेल्यांतल्या काही गावांना पुन्हा उठावं लागलं. वासोट्याच्या पायथ्याचं मेट इंदवली हे त्यातलंच. नकाशात नाव आहे, धक्का आहे, वनखात्याची चौकी आहे. गाव नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांचा हक्काच्या जमिनींसाठीचा लढा अजून चालू आहे. इथे सहलीला येणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. आपण ज्याला नौकाविहार म्हणतो त्याच्या तळाशी कुणाची तरी पेरणीची जमीन आहे.

वाटेत एक लाँच आडवी गेली. पलीकडच्या गावांना जाणारी. टपावर गॅसच्या टाक्या, तांदळाची पोती, पत्र्याचे दोन ताव बांधलेले. आत दप्तरं घेतलेली मुलं आणि डोक्यावर पदर घेतलेल्या दोन म्हाताऱ्या. काकांनी लांबूनच इंजिन मंद केलं, म्हणजे आमच्या लाटेने ती डुलायला नको. या खोऱ्यात बाजार, दवाखाना, शाळा, तालुका, सगळं पाण्यावरूनच गाठावं लागतं. रस्त्याने जायचं तर डोंगराला वळसे घालत अर्धा दिवस मोडतो. तापोळ्याला तर गाड्यासुद्धा तराफ्यावर चढवून पलीकडे नेतात.

तासाभराने मेट इंदवलीला लागलो. पाणी मागे गेल्यामुळे बोट धक्क्यापर्यंत पोचेना. काकांनी इंजिन बंद केलं, बांबूने रेटत नाक चिखलात रुतवलं आणि फळी टाकली. शेवटच्या दहा पावलांत माझा पाय घोट्यापर्यंत गेला. आम्हाला त्यात गंमत वाटली. पण काठावरच्या वसत्या गावांत पोतं घेऊन उतरणाऱ्या बाईला, बाळंतपणासाठी नेल्या जाणाऱ्या मुलीला हाच चिखल रोज तुडवावा लागतो. सिमेंटच्या पायऱ्या या खोऱ्यात वर्षातले काही महिनेच कामाच्या. बाकीचे महिने त्या उंचावर कोरड्या पडून असतात. हव्यात त्या पाण्याबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या जेट्टी. 2024 मध्ये याच जलाशयाच्या काठच्या मुनावळ्याला जलक्रीडा केंद्र सुरू झालं. तिथे स्थानिक पोरांना काम मिळावं, ही माझीही इच्छा आहे. पण जेट स्कीसाठी पैसा उभा राहू शकतो तर प्रत्येक गावाच्या उतारावर एक तरंगता धक्काही व्हायला हवा. पर्यटकालाही त्याचा तेवढाच उपयोग आहे. आणि वेगाने जाणाऱ्या बोटी लाँचच्या मार्गापासून आणि अभयारण्याच्या काठापासून लांब ठेवल्या पाहिजेत.

चौकीवर सामान उघडून दाखवावं लागतं. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटाचे पुडे, चॉकलेटचे कागद, सगळं मोजून लिहून घेतात, अनामत ठेवतात आणि परत येताना तेवढंच मोजून घेतात. कॉलेजच्या पोरांची थोडी कुरकुर झाली. मला हा नियम इतका आवडला की प्रत्येक गडाच्या पायथ्याशी असावा असं वाटतं. त्याचा परिणाम लगेच दिसतो: पुढच्या सगळ्या वाटेवर मला एकही पुडा पडलेला दिसला नाही.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. ओढा ओलांडला की ऐन, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली आणि अंगावर येणारा चढ. अंजनीला निळी-जांभळी फुलं लगडली होती. शेकरूचा आवाज ऐकू आला, तो काही दिसला नाही. माथ्यावर बिनछपराचं मारुतीचं देऊळ, टाकं, चुन्याचा घाणा आणि बाबुकड्याची ती छाती दडपणारी उभी भिंत. पश्चिमेच्या माचीवरून खाली कोकण आणि मागे वळून पाहिलं तर आपण आलो ते पाणी. मुक्कामाला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. हे घर गव्यांचं आणि अस्वलांचं.

जाणाऱ्यांसाठी: पावसाळ्यात ही वाट बंद असते, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे जाता येतं. डिसेंबर-जानेवारीत पाणी भरलेलं असतं आणि बोटीत चढउतार सोपी पडते, पण शनिवार-रविवारी बोटीसाठी थांबावं लागतं. जमलं तर मधल्या वारी जा. सकाळी लवकरात लवकर बामणोली गाठा, कारण अंधार पडायच्या आत बोट परत यायला हवी आणि गडावर जाऊन यायला पाचेक तास लागतात. बोट ठरवतानाच परतीची वेळ बोलून घ्या. लहान मूल सोबत असेल तर त्याच्या मापाचं जॅकेट आहे का, हे बोटीत चढण्याआधी विचारा. नसेल तर दुसऱ्या बोटीतून मागून घ्या, देतात. फोनला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून रोख पैसे आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स साताऱ्यातूनच घेऊन निघा.