‘सी माय फ्रेंड्स’चा दहावा क्रमांक

किंक्स या लंडनच्या रॉक बँडचे ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणे जुलै १९६५ मध्ये पाय या रेकॉर्ड कंपनीने सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड) म्हणून बाजारात आणले. ‘यू रिअली गॉट मी’ किंवा ‘वॉटर्लू सनसेट’ तोंडपाठ असणाऱ्या रसिकांनाही ते सहसा आठवत नाही. त्या वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना बँडचा मुक्काम मुंबईत पडला होता आणि पहाटे गात कामाला निघालेल्या मच्छीमारांचे स्वर ऐकून हे गाणे सुचले, असे बँडचे गायक-गीतकार रे डेव्हिस यांनी पुढे सांगितले आहे. (ते कोळीच असणार असे आपण मराठी माणसे लगेच ठरवून टाकतो; डेव्हिस मात्र मच्छीमार एवढेच म्हणतात.) रेकॉर्ड जमवणाऱ्या आमच्या मित्रमंडळात या गाण्यावर बोलायचे ठरले, तेव्हा मी टिपण काढायला घेतले आणि त्यात त्याला ‘अपयशी’ म्हटले, कारण तसेच म्हटले जाते; मग ते खरोखर पडले होते का, हे आधी चार्टवरून (गाण्यांच्या साप्ताहिक क्रमवारीवरून) तपासायला बसलो.

ब्रिटनच्या अधिकृत नोंदीत त्याचा सर्वोच्च क्रमांक दहावा आहे, हे उत्तर चटकन मिळाले. अडचण अशी की १९६५ साली ब्रिटनमध्ये सर्वमान्य असा एकच चार्ट नव्हता. न्यू म्युझिकल एक्सप्रेस, मेलडी मेकर, डिस्क आणि रेकॉर्ड रिटेलर ही नियतकालिके आपापल्या ठरावीक दुकानांकडून विक्रीची माहिती मागवून आपापली यादी छापत, आणि बीबीसी त्यांची गोळाबेरीज करून स्वतःची यादी लावत असे. बीबीसी व रेकॉर्ड रिटेलर यांनी हे काम ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्यूरोकडे सोपवले ते फेब्रुवारी १९६९ मध्ये. त्याआधीच्या वर्षांसाठी रेकॉर्ड रिटेलरची यादी प्रमाण मानण्याचा संकेत नंतर रूढ झाला. बीटल्सचे ‘प्लीज प्लीज मी’ १९६३ मध्ये न्यू म्युझिकल एक्सप्रेस आणि मेलडी मेकर या दोन्हींत पहिले असूनही अधिकृत इतिहासात दुसरे दिसते, ते याच संकेतामुळे. म्हणून टिपणात मी नुसता ‘दहावा’ न लिहिता ‘रेकॉर्ड रिटेलरचा दहावा’ असे लिहिले.

आता मूळ पाने पाहायची होती. रेकॉर्ड मिरर हे साप्ताहिक १९६२ पासून रेकॉर्ड रिटेलरचीच यादी छापत असल्यामुळे त्याच्या स्कॅन केलेल्या अंकांवर काम भागते. त्या काळची बारीक छपाई आणि वर स्कॅनचा काळपटपणा यांमुळे ३ आणि ८ यांतला फरक कळेनासा होतो. अशा वेळी पुढच्या आठवड्याचा अंक उघडावा, कारण त्यात प्रत्येक गाण्याशेजारी मागच्या आठवड्याचा क्रमांक दिलेला असतो. ही पडताळणी कंटाळवाणी आहे, पण आयत्या तक्त्यांपेक्षा मला तीच भरवशाची वाटते.

दहाव्या क्रमांकाला अपयश का म्हटले गेले, हे शेजारचे आकडे लावल्यावर उलगडते. ‘टायर्ड ऑफ वेटिंग फॉर यू’ फेब्रुवारी १९६५ मध्ये पहिले आले होते, ‘सेट मी फ्री’ नववे, आणि पुढचे ‘टिल द एंड ऑफ द डे’ आठवे. या मालिकेत दहावे गाणे जरा मागे दिसते, पण पडलेले मुळीच दिसत नाही; ज्याला पडणे म्हणावे ते त्याच वर्षीचे ‘एव्हरीबडीज गॉना बी हॅपी’, जे सतराव्याच्या वर गेले नाही.

अमेरिकेची गोष्ट वेगळी. तिथे बिलबोर्ड या नियतकालिकाच्या चार्टवर पहिल्या शंभरात ‘सी माय फ्रेंड्स’ शिरलेच नाही. तो चार्ट विक्रीबरोबर रेडिओवरचे वादनही मोजत असल्याने ब्रिटिश क्रमांकाशी त्याची थेट तुलना करता येत नाही. १९६५ च्या अमेरिका दौऱ्यानंतर तिथल्या वादक संघटनेने किंक्सना चार वर्षे परवाने नाकारले, हे कारण नेहमी पुढे केले जाते. मला ते अपुरे वाटते, कारण ती बंदी चालू असतानाच ‘अ वेल रिस्पेक्टेड मॅन’ तिथे तेराव्या आणि ‘सनी आफ्टरनून’ चौदाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले होते.

गाणे विसरले जाण्याचे अधिक पटणारे कारण मला चार्टबाहेर सापडले. बँडच्या १९६५ मधल्या दोन्ही ब्रिटिश एलपींवर (अनेक गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डवर) हे गाणे नव्हते, म्हणजे सिंगल दुकानांतून गेल्यावर ते पुन्हा कानावर पडण्याची वाट अरुंद झाली. शिवाय तंबोऱ्यासारखा सतत घुमणारा त्यातला सूर गिटारवर काढलेला आहे. डिसेंबर १९६५ मध्ये बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये प्रत्यक्ष सतार वाजली आणि रॉकमध्ये भारतीय रंग आणल्याचे श्रेय बहुतेक लोक त्या गाण्याला देऊ लागले. टिपणात मी क्रमांकाखाली या दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि ‘अपयशी’ हा शब्द खोडून टाकला.