इंग्रजीतला ‘च’

सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत कुठल्याही विजेच्या खांबाकडे पाहा, ‘फाडफाड इंग्रजी बोला’ अशी एखादी पाटी लटकलेली असतेच. व्याकरण, शब्द, अर्थ सगळं मागाहून, आधी फाडफाड. नागपूरकराला हा सोस कुठून लागला, कळत नाही. एरवी इथे कुणाला घाई नसते. पुण्याचा माणूस ‘येतोय’ म्हणून फोन ठेवतो. आपण ‘येऊन राहिलो ना बे’ म्हणतो, आणि ते म्हणताना अजून घरीच चप्पल शोधत असतो. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे सरकला की जीभही दुपारची झोप काढते. अशा गावातलं पोरगं इंग्रजीत शिरलं की मात्र सुसाट सुटतं.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॅम्पसच्या मुलाखतीसाठी पाठ केलेली स्वतःची ओळख त्यानं मला गच्चीवर ऐकवली. शिक्षण, छंद, स्ट्रेंग्थ, वीकनेस, सगळं एका दमात. मग कपाळावरचा घाम पुसत विचारलं, “मामाजी, फास्ट झालं ना?”

“झालं बाप्पा. पण तुझं कॉलेज कोनतं, ते काही समजलं नाही.”

“सांगितलं ना जी!”

सांगितलं होतं खरं. पण कॉलेजचं नाव आणि त्याच्या आजूबाजूचे ‘इन’, ‘ऑफ’, ‘अँड’, ‘द’ या सगळ्यांना त्यानं सारखाच मान दिला होता. पंगतीत नवरदेव आणि वाढपी एकाच पाटावर बसवावेत, तसं.

इंग्रजीत ही समता चालत नाही. तिथे मोजक्या अक्षरांवर ठोका पडतो आणि मधली अक्षरं बिनदिक्कत गिळायची असतात. चहाच्या टपरीवर टाळ्या वाजवून बघता येईल. ‘फ्रेंड्ज ड्रिंक टी’ म्हणा: तीन शब्द, तीन टाळ्या. आता म्हणा, ‘माय फ्रेंड्ज हॅव बीन ड्रिंकिंग द टी’. उच्चाराचे तुकडे आठ झाले, पण टाळ्या तीनच. फ्रेंड्ज, ड्रिंक आणि टी यांवरच. ‘हॅव बीन’चा ‘अव्बिन’ होतो, आणि ‘द’ तर आला कधी, गेला कधी, पत्ता लागत नाही. आपण ते आठही तुकडे प्रामाणिकपणे मोजून देतो आणि वर वेग वाढवतो. मग ऐकणाऱ्याला ठोका सापडत नाही.

केनेथ पाइक या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९४५ साली या दोन चालींना वेगळी नावं दिली: एक ठोक्याठोक्यानं चालणारी, दुसरी अक्षराअक्षरानं. त्याआधी, १९४० मध्ये, ब्रिटनच्या आर्थर लॉइड जेम्सनं अक्षरवाल्या चालीला मशीनगन म्हटलं होतं आणि ठोकेवाल्या चालीला तारयंत्र. इंग्रजी अर्थातच तारवाली, कडकट्ट करणारी. १९६७ साली डेव्हिड ॲबरक्रॉम्बीनं उदाहरणं दिली, तेव्हा अक्षरवाल्यांच्या रांगेत फ्रेंच आणि योरुबाच्या शेजारी तेलुगू बसली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या पलीकडची, म्हणजे आपल्या कुंपणाला लागूनच! पुढे लोकांनी यंत्र लावून मोजलं, तर इंग्रजीतल्या दोन ठोक्यांमधलं अंतरही काही काटेकोर सारखं निघालं नाही. मध्ये अक्षरं कोंबली की ते ताणलं जातंच. विद्वानांची ही पंचाईत वाचून मला बरंच वाटलं. कानाला मात्र ठोका ऐकू येतो तो येतोच.

आपल्या कानाची घडण निराळी. भुजंगप्रयातात एका चरणाला १२ अक्षरं: एक लघु, दोन गुरू, असं चारदा. तिथे जोर कुठे द्यायचा हा प्रश्नच नाही; कुठल्या अक्षराला किती वेळ द्यायचा, एवढंच. जुन्या इंग्रजी नाटकांतल्या दहा अक्षरांच्या ओळीत पाच ठोके मोजतात. दोघांचा हिशेबच वेगळ्या वहीत.

पण मग मराठीला ठोक्यावाचून अडत कसं नाही? माझ्या मते याचं श्रेय ‘च’ला आहे. ‘आय पेड फॉर युअर टी’ हे वाक्य घ्या. ‘आय’वर जोर दिला तर पैसे मी दिले, त्या फुशारक्या मारणाऱ्यानं नाही. ‘पेड’वर दिला तर दिले बाबा, उधारी नाही ठेवली. ‘युअर’वर दिला तर तुझ्या चहाचे दिले, तुझ्या सोबत्याचं तो बघेल. आणि ‘टी’वर दिला तर फक्त चहाचे, तर्री-पोह्याचे तू दे. एकच वाक्य, चार भांडणं. छापलेल्या वाक्यात यातलं काही दिसत नाही, म्हणून इंग्रजीत बिचारी अक्षरं तिरकी करावी लागतात. आपण म्हणतो ‘मीच दिले’, ‘दिलेच ना बे’, ‘तुझ्याच चहाचे दिले’, ‘चहाचेच दिले’. आवाज चढवायची गरज नाही. चिठ्ठीत लिहून पाठवलं तरी ज्याला लागायचं त्याला लागतं.

इंग्रजी बोलायला लागलो की हा ‘च’ घरी राहतो आणि त्याच्या जागी ठोका काही येत नाही. मग जीव कासावीस होतो. त्या कासाविशीतून आपण ‘ओन्ली’ शोधून काढला. ‘यस्टर्डे ओन्ली आय टोल्ड यू’, ‘ही इज लाइक दॅट ओन्ली’. मास्तर याला चूक म्हणतात, म्हणोत. मला ती एक उत्तम सोय वाटते. फक्त मुलाखतीत ती नको, हे भाच्याला सांगितलं आहे. त्याच्याकडून मी सध्या ‘फोटोग्राफ’, ‘फोटोग्राफर’, ‘फोटोग्राफिक’ घोकून घेतो. पहिल्यात ठोका ‘फो’वर, दुसऱ्यात ‘टॉ’वर, तिसऱ्यात ‘ग्रॅ’वर. “एका जागी काहून नाही बसत जी तो?” असं तो वैतागून विचारतो. माझ्याकडे उत्तर नाही. पण त्याचा नागपुरी हेल मात्र मी काढू देणार नाही. हेल वेगळा, ठोका वेगळा. ओढूनताणून अमेरिकी झालेलं इंग्रजी ऐकलं की मला खुर्ची मागे सरकवाविशी वाटते.

दोन्ही एका तोंडात सुखानं नांदतात, हे मी सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात ऐकलं आहे. एक म्हातारे वकील होते. इंग्रजी अस्सल नागपूरच्या महाल भागातलं, वाक्याचा शेवट जरा लांबवलेला, आणि वेग असा की लघुलेखकाला मध्ये पाणी पिता यावं. पण ठोका चुकायचा नाही. दोन मुद्द्यांमध्ये चष्मा पुसायचे, तोही वेळेवर. समोरच्याचं म्हणणं पार टाकाऊ वाटलं की म्हणायचे, ‘विथ ग्रेऽऽट रिस्पेक्ट’, आणि त्या ‘ग्रेट’वर एवढे रेंगाळायचे की आदराचं काही उरायचंच नाही. मागच्या बाकावर त्यांचा पक्षकार बसलेला असायचा, काटोलकडचा संत्र्यावाला शेतकरी. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं त्याला. पण तो ‘ग्रेऽऽट’ ऐकला की शेजारच्याला कोपरानं ढोसून हळूच म्हणायचा, “हाणला पहा सायबानं.”