नाकाचा पडदा आणि विम्याची फाइल

नाकाचा वाकडा पडदा सरळ करायच्या ऑपरेशनबद्दल फार लिहिण्यासारखं नाहीच. भूल दिली, जाग आली, झालं. सगळं नाकपुडीच्या आतून करतात, बाहेर टाका नाही, नाकाचा आकारही तोच. एवढीच गोष्ट विमा कंपनीला पटवताना मात्र खरोखर नाकी नऊ आले.

माझा पडदा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली भिंत, डावीकडे झुकलेला. रात्रभर तोंडाने श्वास, सकाळी घसा कोरडा ठाक. त्यात उजवी बाजूही चोंदायची. डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं: मोकळ्या बाजूचं टर्बिनेट, म्हणजे आतली मांसल घडी, फुगून जागा अडवते. स्टेरॉइडचा स्प्रे मारला. त्याने सूज उतरते. वाकलेली कूर्चा आणि हाड थोडंच सरळ होणार!

मग विम्याचा अर्ज. पहिलं उत्तर: सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया, सबब नामंजूर. फोन करावा तर दर वेळी नवा माणूस, आणि माझी नाकात बोलत तीच कथा पहिल्यापासून.

"नाक बाहेरून वाकडं दिसतं का?"

"नाही हो, दिसायला ठीक आहे. श्वास जात नाही."

"एक नाकपुडी तर सगळ्यांचीच बंद असते."

असते ना, पण काही तासांनी बाजू बदलते. माझी बदलत नव्हती. हे सांगेपर्यंत फोन दुसरीकडे जोडलेला. पुढे समोरून आणि बाजूने फोटो मागवले. आतला अडथळा फोटोत दिसणार कसा? सीटी स्कॅन पाठवला, तर आधी औषधं घेतल्याचा पुरावा हवा. स्प्रेची चिठ्ठी पाठवली, तर म्हणे तारीख पुसट आहे.

शेवटी डॉक्टरांनी एकाच पत्रात सगळं लिहिलं: अडथळा कुठे आणि किती, कोणता स्प्रे किती काळ वापरला, दुर्बिणीत काय दिसलं, बाहेरच्या आकाराला हात लावणार नाही. मंजुरी आली, तीही एका ओळीची. तुम्ही असं पत्र अर्जासोबतच जोडा आणि औषधांच्या चिठ्ठ्या फेकू नका.

अरे हो, नाक झटपट मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब सलग वापरू नका. काही दिवसांनी तेच नाक चोंदवतात.

नंतरचं थोडक्यात: आत सिलिकॉनच्या पट्ट्या होत्या तोवर वैताग होता. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडून. सांगतील तेव्हापासून मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. पट्ट्या निघाल्यावर एकदम मोकळं वाटलं, तरी पुन्हा चोंदलं म्हणून घाबरू नका. आतली सूज पुरती उतरायला कित्येक आठवडे जातात.